कमीत कमी सामानात जंगलात टिकून राहायचं कसं शिकायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेसिक कॅम्पिंग ज्यांना येतं, म्हणजे तंबू लावता येतो, नकाशा वाचता येतो, स्टोव्हवर काहीतरी शिजवता येतं आणि आता "पुढे काय" असं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. अगदीच नवीन असाल तर आधी दोनचार वेळा नीट सामान घेऊन बाहेर राहून या, मग हे वाचा. माझं एक मत आधीच सांगून टाकतो कारण खालच्या सगळ्या उत्तरांमध्ये ते डोकावणारच आहे: सामान कमी करणं ही शेवटची पायरी आहे, पहिली नाही. लोक नेमकं उलटं करतात.

ॲडव्हान्स्ड स्किल्स म्हणजे नक्की काय? सापळे, भाले, कातडी कमावणं वगैरे?

ते पण आहे, पण ते नंतर. साधी गोष्ट वाईट परिस्थितीत करता येणं याला मी ॲडव्हान्स्ड म्हणतो. कोरड्या दिवशी दुपारी आग पेटवणं बेसिक आहे, तीच आग तीन तास पाऊस पडून गेल्यावर, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना आणि पोटात काही नसताना पेटवणं ॲडव्हान्स्ड. गाठीचंही तसंच. डोळे मिटून, ओल्या दोरीवर, एका हाताने बांधता आली तर ती येते म्हणायचं, नाहीतर नुसती माहीत आहे.

मिनिमल सामान म्हणजे किती? एकच वस्तू न्यायची असेल तर सुरीच ना?

याच्यावर लोक तासन् तास भांडतात आणि बहुतेक जण सुरीवर येऊन थांबतात. मी थोडा वेगळा विचार करतो, जी वस्तू जंगलात बनवायला सगळ्यात अवघड ती आधी बॅगेत टाकायची. दगड फोडून धार काढता येते, सालीपासून दोर वळता येतो, पानांचा निवारा होतो, पण आगीवर ठेवता येईल असं पाण्याचं भांडं बनवणं खरंच जिकिरीचं आहे. म्हणून माझ्या लिस्टमध्ये सुरीच्या बरोबरीने धातूची बाटली किंवा लहान टोप आहे. बाटली एकेरी भिंतीची हवी. दुहेरी भिंतीचा थर्मास झाकण लावून आगीवर ठेवू नका आणि झाकण काढूनही ठेवू नका, आतली कोंडलेली हवा तापून तो फुटू शकतो.

बाकी मग स्थिर पात्याची सुरी (घडीची नाही, पातं साधारण १० सेंमी, पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं), ताडपत्री किंवा टार्प, दहापंधरा मीटर मजबूत दोरी, आणि आग लावायचं साधन. लायटर आणि फेरो रॉड (खरवडली की ठिणग्या पडतात ती धातूची कांडी) दोन्ही ठेवा. फेरो रॉडचा मिश्रधातू कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १९०३ मध्ये शोधला, त्याची ठिणगी साधारण ३००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते आणि ओला झाला तरी पुसून लगेच चालतो. तरीपण खरं सांगायचं तर पहिला हात लायटरकडेच जाऊ दे. थंडीत लायटर पेटत नसेल तर दोन मिनिटं काखेत धरा, आतला गॅस गरम झाला की चालतो.

मग बॅग घरीच ठेवून सराव करू का?

नाही! इथेच लोक फसतात. बॅग पूर्ण भरलेली सोबत असू दे, स्लीपिंग बॅग, जेवण, हेडलॅम्प, फर्स्ट एड सगळं, फक्त तिची चेन बंद ठेवायची. आज रात्र टार्प आणि पानांवर काढायची असं ठरवलंय ना, मग बॅग झाडाला टेकवून ठेवा आणि हात लावू नका. कुडकुडायला लागलात, बोलताना जीभ अडखळायला लागली, की चेन उघडायची, गरम व्हायचं, झोपायचं. सकाळी कशात कमी पडलो ते बघायचं आणि पुढच्या वेळी तेवढंच सुधारायचं. हळूहळू लक्षात येतं की अमुक वस्तू गेल्या कित्येक वेळा बाहेर निघालीच नाही, तेव्हा ती घरी ठेवायची. फर्स्ट एड आणि संपर्काचं साधन मात्र कधीच कमी करायचं नाही, ते या हिशोबात धरूच नका.

आधी काय शिकायचं?

तीनचा नियम ऐकला असेल: हवेशिवाय ३ मिनिटं, बेकार हवामानात निवाऱ्याशिवाय ३ तास, पाण्याशिवाय ३ दिवस, अन्नाशिवाय ३ आठवडे. आकडे ढोबळ आहेत, कडक उन्हात पाण्याचे तीन दिवस एका दिवसावर येऊ शकतात, पण क्रम बरोबर आहे. म्हणजे अंगावरचे कपडे आणि निवारा, मग आग, मग पाणी, मग "मी इथे आहे" हे लोकांना कळवणं, आणि अन्न सगळ्यात शेवटी. बहुतेक जण शिकायला सुरुवात अन्नापासून करतात कारण त्यात मजा जास्त आहे, हे आपलं माझं निरीक्षण.

बो ड्रिलने धूर येतो पण निखारा होत नाही. काय चुकतंय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. बो ड्रिल म्हणजे धनुष्याच्या दोरीने एक काडी (स्पिंडल) सुक्या फळीवर गरागरा फिरवून घर्षणाने निखारा पाडणं, काडी वरून एका ठोकळ्याने दाबून धरायची.

पहिलं म्हणजे लाकूड. फळी आणि स्पिंडल दोन्ही सुकलेलं, हलकं आणि चीक किंवा डिंक नसलेलं पाहिजे. अंगठ्याचं नख दाबल्यावर खूण उमटली पण लाकडाचा चुरा झाला नाही तर साधारण बरोबर. थंड प्रदेशात विलो, पॉप्लर, सीडर वापरतात, उष्ण किनाऱ्यांवर जास्वंदीच्या कुळातली झाडं चालतात. जमिनीवर पडलेलं लाकूड घेऊ नका, ते खालून ओल शोषतं, उभं सुकलेलं घ्या. गालाला लावून बघा, गार लागलं तर आत ओल आहे.

स्पिंडल अंगठ्याएवढं जाड, वीतभर लांब. खालचं टोक बोथट, वरचं टोकदार, कारण घर्षण खाली हवंय, वर नकोय. वरच्या ठोकळ्याच्या खळग्यात हिरवं पान चुरडून किंवा साबण लावा. फळी दीडेक सेंमी जाड. आधी स्पिंडल फिरवून फळीवर काळा खळगा पाडून घ्या, मग त्याच्या कडेपासून मध्याच्या जवळजवळ पोचणारी खाच कापा, वर्तुळाचा साधारण आठवा भाग. खाच नसेल तर भुसा जमायला जागाच नाही, मग धूर भरपूर आणि निखारा शून्य.

आता भुसा बघा, सगळं तिथेच कळतं. भुसा फिकट तपकिरी आणि जाडसर असेल तर दाब किंवा वेग कमी पडतोय. काळपट, मऊ, एकमेकांना चिकटणारा असेल तर बरोबर चाललंय. स्पिंडल किरकिर आवाज करायला लागलं आणि खळगा काचेसारखा चकाकायला लागला तर तो गुळगुळीत झालाय, सुरीने खरवडा किंवा वाळूचे दोनचार कण टाका.

पोझिशनवर पण बरंच अवलंबून आहे. उजव्या हाताने धनुष्य ओढत असाल तर डावा पाय फळीवर, डावं मनगट डाव्या नडगीला घट्ट टेकवलेलं. हे मनगट हललं की स्पिंडल डुगडुगतं आणि सगळी ताकद वाया जाते. धनुष्य हाताएवढं लांब घ्या आणि प्रत्येक झटका या टोकापासून त्या टोकापर्यंत पूर्ण मारा, आखूड झटके मारून नुसता दम लागतो. सुरुवातीला सावकाश, कमी दाबाने, खाच भुशाने भरली की मग वेग आणि दाब दोन्ही वाढवायचे.

थांबल्यावर लगेच फळी उचलू नका. स्पिंडल बाजूला करा आणि नुसतं बघत बसा. भुशाच्या ढिगातून स्वतःहून धूर येत राहिला तर आत निखारा आहे. त्याला अर्धा मिनिट द्या, घट्ट होऊ द्या, हाताने वारा घाला पण फुंकू नका. मग फळी हळूच वाकवून काडीने ढीग मोकळा करायचा आणि घरट्यासारख्या केलेल्या सुक्या गवताच्या गोळ्यात तो अलगद ठेवायचा. गोळा तोंडापेक्षा थोडा वर धरा म्हणजे धूर डोळ्यात जात नाही, आणि लांब, हळू फुंका. धूर दाट, पिवळट झाला की आता पेटणार, तेव्हा घाईघाईत टाकून देऊ नका.

खिशात लायटर असताना हे सगळं कशाला?

लाकूड, ओल, भुसा, वारा यांची समज या एका गोष्टीतून जेवढी येते तेवढी दुसऱ्या कशातून येत नाही. बो ड्रिल जमणाऱ्याला लायटरने ओल्या लाकडाची आग करायला त्रास होत नाही. प्रत्यक्ष अडचणीच्या वेळी मात्र लायटर असेल तर लायटरच वापरा, तिथे कोण मार्क देत नाहीये.

पावसात आग कशी करायची?

लाकूड बाहेरून ओलं असतं, आतून बहुतेक वेळा नसतं. उभं मेलेलं, मनगटाएवढं जाड लाकूड घ्या, सुरी त्याच्या टोकावर ठेवून पात्याच्या पाठीवर दुसऱ्या लाकडाने ठोकत चिरा, आतला कोरडा गाभा मिळतो. त्या गाभ्याच्या काडीवरून पातळ पातळ कुरळ्या साली काढायच्या पण तोडायच्या नाहीत, काडीलाच पिसासारख्या राहू द्यायच्या. अशा पाचसहा काड्या झाल्या की कामाचं काहीतरी हातात आलं. बर्चची साल मिळाली तर ओली असली तरी पेटते, तिच्यात तेल असतं. चीड, पाइन असेल तर जुन्या जखमेपाशी राळ साठलेलं लाकूड शोधा.

जमिनीवर थेट आग लावू नका, खाली मनगटाएवढ्या लाकडांची एक रांग टाका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेटवण्याआधी लाकडं जमवून जाडीप्रमाणे वेगळी लावून ठेवा: काडेपेटीतल्या काडीएवढी, पेन्सिलीएवढी, अंगठ्याएवढी. पुरेसं वाटलं की अजून दुप्पट आणा. काडीएवढा माल कमी पडल्यामुळे आगी विझतात, मोठे ओंडके कमी पडल्यामुळे नाही. बर्फ साठलेल्या झाडाखाली आग नको, उष्णतेने वरचा बर्फ सुटून आगीवरच पडतो. नदीतले दगडही आगीभोवती नकोत, आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतात.

स्लीपिंग बॅगशिवाय रात्र काढता येते का?

येते, पण कष्ट आहेत. पानांचा निवारा नीट बांधायला नवख्या माणसाला अर्धा दिवस जातो, त्यामुळे सूर्य मावळायला लागल्यावर सुरुवात केली तर काही खरं नाही. तुमच्या उंचीपेक्षा जरा लांब असा दणकट वासा घ्या, एक टोक जमिनीवर आणि दुसरं साधारण कमरेच्या उंचीवर. दोन्ही बाजूंनी तिरक्या काड्या, त्यावर आडव्या डहाळ्या, आणि मग पालापाचोळा. किती? आत हात खुपसला तर काखेपर्यंत बुडाला पाहिजे, म्हणजे अर्ध्या मीटरहून जास्त. सगळ्यांना वाटतं एवढं कशाला, आणि सगळे पहाटे तीनला उठून बसतात. आतली जागा अंगापुरतीच ठेवा, मोठी खोली तुमच्या अंगाच्या गरमीने तापणार नाही.

छतापेक्षा अंथरूण महत्त्वाचं हे लक्षात ठेवा. जमीन सतत उष्णता ओढत असते, त्यामुळे अंग टाकून दबल्यावरही वीतभर जाडी उरेल एवढी पानं खाली पाहिजेत. जागा निवडताना आधी वर बघा, डोक्यावर सुकलेली फांदी लोंबत असेल तर तिथून हला. दरीच्या तळाला थंड हवा येऊन साचते आणि सुक्या ओढ्याच्या पात्रात रात्रीत पाणी येऊ शकतं, त्यामुळे दोन्ही टाळा. आत आग अजिबात नाही, एक तर पाला पेटतो आणि दुसरं म्हणजे बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो.

मोठी जाड प्लॅस्टिकची कचऱ्याची पिशवी खिशात मावते. तिच्यात सुकी पानं भरून पाय आत घातले की गरीब माणसाची स्लीपिंग बॅग तयार. मी तर प्रत्येकाला सांगतो, दोन ठेवा.

थंडी धोकादायक झालीय हे कसं ओळखायचं?

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया. तेव्हा थर्मामीटर कोण काढणार, म्हणून हालचालींवर लक्ष ठेवायचं: माणूस धडपडतो, पुटपुटतो, वस्तू हातातून सुटतात, चिडचिड करतो, साधी चेन लावता येत नाही. कुडकुडणं चालू आहे तोवर शरीर लढतंय. माणूस अजून गार आहे आणि कुडकुडणं थांबलं, तर बरं वाटायला लागलं असं समजू नका, ती खूप वाईट खूण आहे. शेवटच्या टप्प्यात काही जण गरम होतंय म्हणून कपडे काढायला लागतात.

करायचं काय तर ओले कपडे काढा, कोरडं घाला, अंगाखाली काहीतरी घालून जमिनीपासून वेगळं ठेवा, छाती आणि काखेत गरमी द्या, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पाणी. हातपाय चोळायचे नाहीत, दारू तर नाहीच. फार गार पडलेल्या माणसाला हलवताना पण हळू, हृदय बिघडू शकतं.

थंडगार पाण्यात पडलात तर १-१०-१ आठवा, कॅनडातले संशोधक गॉर्डन गीसब्रेख्त यांनी सांगितलेला हिशोब आहे: पहिलं १ मिनिट नुसता श्वास ताब्यात आणायचा, पुढची १० मिनिटं हातपाय कामाचे असतात तेवढ्यात बाहेर यायचं, आणि शुद्ध जायला साधारण १ तास लागतो. पहिल्याच मिनिटात पाण्याचा घोट छातीत जाऊन माणसं बुडतात, थंडी नंतरची.

पाणी उकळायचं किती वेळ? कोणी १० मिनिटं म्हणतं, कोणी २०.

खळखळून उकळी आली की १ मिनिट. २००० मीटरच्या वर असाल तर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. त्याहून जास्त म्हणजे लाकूड फुकट. उकळून जंतू मरतात, पण शेतीतली औषधं, कारखान्याचं पाणी, मीठ हे काही जात नाही, त्यामुळे पाणी कुठून येतंय ते वर चालत जाऊन बघा.

भांडं नसेल पण पारदर्शक पेट बाटली सापडली (आणि ती हल्ली कुठेही सापडते) तर उन्हाने पाणी जंतुमुक्त करता येतं. दोन लिटरपर्यंतची बाटली, गढूळ पाणी आधी कापडातून गाळून घ्यायचं, आणि आडवी करून कडक उन्हात ६ तास. ढगाळ असेल तर पूर्ण २ दिवस. बाटलीतून पलीकडची मोठी अक्षरं वाचता आली नाहीत तर पाणी अजून गढूळ आहे, चालणार नाही.

दुसरा जुना उपाय म्हणजे लाकडाच्या ओंडक्यावर निखारे ठेवून, फुंकून, जाळत जाळत खळगा पाडायचा, त्यात पाणी भरायचं आणि लाल तापलेले दगड चिमट्याने सोडत राहायचं. दगड उंचावरच्या कोरड्या जागेतले. काम चिकाटीचं आहे पण पाणी खरंच उकळतं.

लघवी, समुद्राचं पाणी, कॅक्टस?

नाही, नाही आणि बहुतेक नाही. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, ते बाहेर टाकायला शरीराला प्यायलात त्याहून जास्त पाणी लागतं. लघवीची पण तीच गत. बरेच कॅक्टस उलट्या जुलाब करवतात, म्हणजे होतं ते पाणी पण जातं. जमिनीत खड्डा करून वर प्लॅस्टिक लावायचा सोलर स्टिल फोटोत छान दिसतो, पण खणताना जेवढा घाम जातो तेवढं पाणी बऱ्याचदा त्यात जमत नाही. त्यापेक्षा पहाटे पायाला कापड गुंडाळून दवातून चाला आणि पिळा.

उन्हाळ्यात, वाळवंटी भागात काय वेगळं?

पाणी वाचवायचं नाही, घाम वाचवायचा. असलेलं पाणी तहान लागेल तसं प्या, दिवसा सावलीत पडून राहा, काम आणि चालणं पहाटे किंवा रात्री. अंग झाकलेलंच ठेवा. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला तर उष्माघात समजा आणि सगळं सोडून त्याला गार करा, पाणी ओतून, वारा घालून.

खायचं काय? शिकार, सापळे शिकू का?

शिका, पण अपेक्षा माफक ठेवा. अन्न शोधायला जेवढ्या कॅलरी जातात तेवढ्या मिळाल्या नाहीत तर नुसतं बसून राहणं परवडलं. भरवशाचं अन्न बहुतेक वेळा लहान आणि कंटाळवाणं असतं, मासे, शिंपले, किडे (शिजवून, भडक रंगाचे आणि केसाळ सोडून), ओळखीच्या वनस्पती. आणि नुसत्या सशासारख्या कमी चरबीच्या मांसावर माणूस जगत नाही, पोट भरलेलं असून उपासमार होते, मळमळ, जुलाब, अशक्तपणा. शरीराला चरबी किंवा पिष्ट लागतंच.

मोठी शिकार मिळाली म्हणजे सुटलो असं पण नाही. क्रिस मॅककँडलेस या तरुणाने १९९२ मध्ये अलास्कात मूस (खूप मोठं हरीण) मारला होता, पण मांस टिकवता आलं नाही, बरंचसं सडून वाया गेलं, आणि दोनेक महिन्यांनी तो उपासमारीने गेला. मांसाच्या पातळ पट्ट्या काढून धुरावर, वाऱ्यावर सुकवणं हे मारण्यापेक्षा मोठं स्किल आहे. सापळ्याचा खटका बनवायचा सराव करा, लावू मात्र नका. बऱ्याच देशांत ते बेकायदा आहे आणि प्राणी उगाच मरतो.

थोडंसं खाऊन, थांबून, परत खाऊन वनस्पती तपासायची पद्धत खरी आहे का?

पुस्तकात आहे, मी शिकवत नाही. मशरूमला तर ती लागूच नाही, कारण डेथ कॅप या विषारी मशरूमची लक्षणं ६ ते २४ तास उशिरा दिसतात आणि तोवर यकृताचं नुकसान सुरू झालेलं असतं. वॉटर हेमलॉकसारख्या विषारी झाडाचा छोटा तुकडा पण पुरतो. त्यापेक्षा जिथे जाता तिथल्या दहा वनस्पती मुळापासून बीपर्यंत, सगळ्या ऋतूंत ओळखायला शिका, आणि त्यांच्यासारख्याच दिसणाऱ्या विषारी कोणत्या तेही.

कंपास नसेल तर दिशा कशी ठेवायची?

आधी एक गोष्ट मान्य करा, की आपण सरळ चालत नाही. २००९ मध्ये जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या यान सौमन यांच्या टीमने जंगलात आणि सहारात माणसांना सरळ चालायला लावलं आणि जीपीएसने मागोवा घेतला. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, ढग आल्यावर गोल फिरून स्वतःचाच रस्ता कापला आणि त्यांना ते कळलंही नाही. म्हणून एक झाड धरायचं, त्याच्या रेषेत मागचं दुसरं धरायचं, आणि पहिल्यापर्यंत पोचायच्या आत तिसरं.

दिवसा काठी रोवून सावलीच्या टोकाला खूण करा, अर्ध्या तासाने दुसरी खूण. पहिली पश्चिमेकडची, दुसरी पूर्वेकडची, ढोबळ पण पुरेशी. घड्याळाचा तासकाटा सूर्याकडे धरून दिशा काढायची युक्ती विषुववृत्ताच्या आसपास फसवी आहे, सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. झाडाच्या उत्तरेलाच शेवाळ असतं हेही सोडून द्या, ओल असेल तिथे ते सगळीकडे वाढतं.

रात्री सप्तर्षीतल्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेषा पाचपट वाढवली की ध्रुव. सप्तर्षी मावळलेले असतील तर शर्मिष्ठा बघा, ती ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूला असते. मला स्वतःला मृग जास्त आवडतं, कारण त्याच्या पोटातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी सगळ्यात आधी उगवणारा तारा जवळजवळ नेमक्या पूर्वेला उगवतो आणि नेमक्या पश्चिमेला मावळतो, जगात कुठूनही. आणि सूर्यास्ताला किती वेळ आहे हे बघायचं असेल तर हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यात बोटं मोजा, एक बोट म्हणजे सुमारे १५ मिनिटं. ध्रुवांकडे हे चालत नाही.

हरवलो तर बसून राहायचं की चालायचं?

तुम्ही कुठे गेलात हे कोणाला माहीत असेल तर बसा. शोधणारे शेवटच्या माहीत असलेल्या जागेपासून सुरुवात करतात, तुम्ही चालत राहिलात की त्यांचं वर्तुळ वाढत जातं. लोक लगेच युलियाना कोपकेचं उदाहरण देतात. २४ डिसेंबर १९७१ ला पेरूवर विमान आकाशात मोडलं, ९२ जणांत ती एकटी वाचली, सतरा वर्षांची, सुमारे ३ किलोमीटरवरून सीटला बांधलेली पडली आणि ओढ्याच्या कडेने उतरत ११ दिवसांनी माणसांपर्यंत पोचली. जवळ मिठाईची एक पिशवी. दंडाच्या जखमेत अळ्या झाल्या होत्या, त्यावर तिने एका झोपडीत सापडलेलं इंधन ओतलं.

पण यात पाण्याच्या कडेने जा एवढंच शिकू नका. तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते, ती त्याच रानातल्या संशोधन केंद्रात राहिलेली होती, पाण्याच्या कडेने वस्ती सापडते हे तिथे खरं होतं आणि तिला ते माहीत होतं. डोंगराळ भागात ओढा धरून उतरलात तर धबधब्याच्या डोक्यावर किंवा कड्यात अडकता. चालायचंच ठरलं तर दर थोड्या अंतरावर बाण, दगड, मोडलेली फांदी अशी खूण ठेवत जा.

मदत बोलवायची खूण कोणती?

कशाचंही तीन. तीन शिट्ट्या, तीन आगी, तीन प्रकाश. आल्प्समध्ये आणि ब्रिटनमध्ये मिनिटाला सहा, मग एक मिनिट थांबून परत. जमिनीवर मोठा इंग्रजी व्ही म्हणजे मदत हवीय, एक्स म्हणजे वैद्यकीय मदत. अक्षर दिसायला जमिनीशी रंगाचा फरक पाहिजे. आरशाने चमकवताना दुसऱ्या हाताची दोन बोटं फाकवून विमान त्यांच्या मध्ये धरा आणि चमक बोटांवरून पुढेमागे न्या. मोबाइलची रेंज नसेल अशा ठिकाणी ४०६ मेगाहर्ट्झचा पीएलबी (खिशातला आपत्कालीन संदेश यंत्र) ठेवा, सॅटेलाइटने संदेश जातो. तो ठेवला म्हणजे स्किल कमी झालं असं बोलणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

साप चावला तर? जखम झाली तर?

साप: कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही. अंगठ्या, घड्याळ काढा, तो अवयव हलू देऊ नका, आणि लवकरात लवकर हॉस्पिटल. जखमा मात्र सापापेक्षा स्वतःच्या सुरीच्याच जास्त होतात. बसून काम करताना दोन्ही मांड्यांच्या मधला त्रिकोण मोकळा ठेवा, तिथे मोठी धमनी जाते. कोपरं गुडघ्यांवर टेकवा म्हणजे सुरी पायांच्या पलीकडे चालते. रक्त थांबत नसेल तर थेट, जोरात, सतत दाबा, उचलून उचलून बघू नका. कोर्स एकच करायचा असेल तर सर्व्हायव्हलचा नको, रानातल्या प्रथमोपचाराचा करा.

मी शहरात वाढलोय, आता शिकून जमेल का?

ॲडा ब्लॅकजॅक या अलास्कातल्या इनुपियाट जमातीच्या बाईची गोष्ट वाचा. १९२१ मध्ये चार पुरुषांच्या मोहिमेबरोबर शिवणकामासाठी आर्क्टिकमधल्या रँगेल बेटावर गेली, वय २३. गावात वाढलेली, शिकार येत नव्हती, अस्वलांची प्रचंड भीती. जानेवारी १९२३ मध्ये तिघं मदत आणायला बर्फावरून गेले आणि परत दिसलेच नाहीत. चौथा स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या आजाराने) अंथरुणाला खिळलेला, त्याची शुश्रूषा करत करत ती कोल्ह्यांचे सापळे लावायला शिकली, बंदूक चालवायला शिकली, तो जूनमध्ये गेल्यावर एकटी राहिली, आणि ऑगस्टमध्ये जहाज आलं तेव्हा जिवंत होती. तिच्याकडे होतं ते शिवणकाम, म्हणजे कपडे आणि बूट दुरुस्त ठेवता येणं. थंडीत ही गोष्ट बंदुकीपेक्षा कमी नाही. सुई दोरा ठेवता ना किटमध्ये?

एकट्याने सराव केला तर चालेल?

दिवसाचा, जवळपासचा चालेल. रात्रीचा सुरुवातीला नको. दोन्ही वेळा कुठे जातोय, कधी येणार, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं हे घरी लिहून ठेवा. जागेची परवानगी, आगीची बंदी आणि सुरीचे नियम आधी बघा, कोरड्या दिवसांत आगीचा सराव करूच नका. आग विझवताना पाणी ओता, ढवळा, परत ओता, हाताची मागची बाजू टेकवता आली तरच विझली.

व्हिडिओ बघून येतं का?

हातात कसं धरायचं ते कळतं. पण मागे कॅमेरावाला, गाडी आणि जेवण असतं हे लक्षात ठेवा.

घरी बसून काय करता येईल?

दोर वळा. टीव्ही बघता बघता होतं. तंतू असलेल्या कोणत्याही सुक्या सालीची पट्टी थोडी ओली करा, मध्याच्या जरा अलीकडे पलीकडे धरा म्हणजे दोन्ही शेपट्या कमीजास्त लांब राहतील. तिथे पीळ देत गेलात की एक वळसा आपोआप पडतो, तो डाव्या चिमटीत पकडा. आता आपल्यापासून पलीकडच्या शेपटीला उजव्या अंगठ्याने आपल्यापासून दूर पीळ द्या आणि ती दुसरीच्या वरून आपल्याकडे आणा. मग दुसरीला तेच. पीळ एका दिशेला आणि गुंडाळणं उलट दिशेला, त्यामुळे दोन्ही एकमेकींना सुटू देत नाहीत. एक शेपटी बोटभर उरली की तिच्यात नवी पट्टी घालून सोबत पीळ द्यायचा. दोन्ही शेपट्या एकाच ठिकाणी संपू द्यायच्या नाहीत, सुरुवातीला लांबी कमीजास्त ठेवली ती याचसाठी. पूर्ण वाळला की पाण्याची भरलेली बाटली टांगून बघा, तुटला तर बहुतेक वेळा जोडाशीच तुटतो, मग पुढच्या वेळी जोड अजून लांब घ्या.